छाट

कारखान्यात चेकर विडी बोटांत फिरवतो,
दाबतो, कानाशी नेतो
आणि न बोलता बाजूला टाकतो.
तिला छाट म्हणतात.
सुरुवातीला हजारात साठ-सत्तर जायच्या माझ्या.
एकतीस वर्षांत एवढं एक शिकले,
कुठलीही गोष्ट
आधी दाबून बघायची.

गुडघे कुरकुरायला लागले
तेव्हा सल्ले आले,
आंब्याच्या सालीवर चिलटं यावीत तसे.

अशोक चौकातल्या जिमचा श्रीधर बोद्धूल म्हणाला,
मावशी, भात सोडा, भाकरी सोडा,
हा डबा घ्या. अठ्ठावीसशे. चॉकलेटची चव.
डब्यावरच्या माणसाला मान नव्हती,
खांद्यातूनच डोकं उगवलेलं.
हा काय खातो रे?
हेच की, मावशी.
आणि डबा निघायच्या आधी काय खायचा?
श्रीधर मोबाइल बघायला लागला.

इराप्पा वस्ताद तालमीच्या ओट्यावर
गुडघ्याला एरंडाचं पान बांधून.
दोनशे बैठका, म्हणाले. रोज. दूध. बदाम.
बदामाचा भाव नाही सांगितला.
उठताना त्यांना भिंत धरावी लागली,
त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

शेजारची अंबूबाई गड्डम म्हणाली, वद्दू, वद्दू,
बाईनं वजन उचललं की अंग बाहेर येतं.
सांगताना तिच्या कमरेवर हंडा होता.
पाचव्या दिवशी नळ आला होता,
घाई होती,
दोन जिने ती बोलत बोलतच चढली.

मग मी तोच हंडा, भरलेला,
भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला.
अठरा किलो दोनशे ग्रॅम.
विडीच्या जुन्या कार्डामागे लिहून ठेवलं.
एवढं वजन मी बाविसाव्या वर्षापासून उचलते,
याला व्यायाम कुणी म्हटलं नाही,
आणि धोकाही कुणी म्हटलं नाही.

कार्डामागे पुढे असं आहे :
भाकरी सोडली, नऊ दिवस.
दहाव्या दिवशी तेंदूपान कापताना
कात्री बोटांत तरंगायला लागली. छाट.
कच्चं अंडं. दिवसभर ढेकर. छाट.
उकडलेलं बरं. वर वाटीभर जास्त डाळ,
शेंगाची चटणी दह्यात. राहू दे.
तेलाचे दोन कॅन, पाच-पाच लिटरचे,
पाणी भरून, खुर्चीतून उठायचं, बसायचं.
पहिल्या आठवड्यात सहा वेळा.
वैशाखात वीस.
रोज करा म्हणाले होते, रोज केलं,
चौथ्या दिवशी जिना उतरता येईना.
एक दिवसाआड. राहू दे.

आणि एक गोष्ट,
हळूहळू वाढवा, घाई नको,
श्रीधरनं पण सांगितली होती, वस्तादांनी पण,
पण शेवटी, उठता उठता,
किराणावाला पुडीला दोरा गुंडाळताना
हवापाण्याचं बोलतो तसं.
तिच्यात विकण्यासारखं काही नव्हतं.
तीच सगळ्यात घट्ट वळलेली निघाली.

गुडघा मार्चमध्ये गप्प झाला.
कॅनमुळे? डाळीमुळे?
की सोलापूरचं ऊन चढलं म्हणून?
ते मला माहीत नाही.
थंडी परत येईल तेव्हा विचारीन त्याला.
एका बाईच्या गुडघ्यावरून
अख्ख्या नीलम नगराचं ठरत नाही,
म्हणून त्या ओळीपुढे
छाट नाही, राहू दे पण नाही.
नुसती जागा सोडलीय.

काल अंबूबाई आली. दाराआडून नाही, आत.
काय केलंस गं, सांग की.
मी घसा साफ केला, बोट वर केलं,
आणि बघते तर माझं तोंड
वस्तादांसारखं झालेलं.

बोट खाली घेतलं.
कॅन तिच्याकडे सरकवला.
आधी अर्धाच भर, म्हटलं.